विहारातले पाच संगणक

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरांत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा साल आणि गाव एका दमात सांगेल. २०२५ साली मात्र हीच तारीख आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत दुसऱ्याच कारणाने सगळ्यांच्या तोंडी होती. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने त्या दिवसापासून आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या देणे थांबवले. अभ्यासिकेत संगणक पाच, आणि पाचही त्याच प्रणालीवर चालणारे. एकीकडे १४ तारखेच्या कार्यक्रमाची तयारी आणि दुसरीकडे ही चिंता, असे ते दिवस गेले.

मी अनसिंगला टायपिंगचे आणि डी.टी.पी.चे लहानसे दुकान चालवते. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या या आमच्या गावात आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे कामाकाजाला येतात. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रके, पीकविम्याच्या तक्रारी, जातीच्या दाखल्याचे अर्ज, असे सगळे गेली पंचवीस वर्षे माझ्या हातून टाईप होत आले आहे. घरात मात्र संगणकाशी दुसऱ्या कोणाचा संबंध नाही. मालक गवंडीकाम करतात, दीर सेंट्रिंगला जातात, जाऊबाई रोजाने निंदायला जातात. अभ्यासिका उभी राहिली ती अशाच घरांच्या वर्गणीतून. संगणक २०१९ साली आले. गावचाच एक मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याच्या कचेरीने जुने म्हणून काढून टाकलेले संगणक त्याने मागून घेतले आणि ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून पाठवले. तेव्हापासून संध्याकाळी सहा ते दहा तिथे तलाठी, पोलीस भरती आणि लिपिक परीक्षेची तयारी करणारी पंधरा-वीस मुलेमुली पाळीपाळीने बसतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी संगणक नाही. टायपिंगचा हात बसवायचा तो इथेच, अर्ज भरायचा तोही इथेच.

वाशीमला एका दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, "ताई, याच्यात विंडोज ११ बसत नाही. भंगारात द्या आणि नवे घ्या." त्याचे पहिले वाक्य खरे होते. नव्या प्रणालीला टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था संगणकात असावी लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ च्या पुढचा लागतो. आमचे संगणक त्याआधीचे. पाच नवे घ्यायचे म्हणजे दीड-दोन लाखांचा मामला, आणि विहाराच्या खात्यात तेव्हा अकरा हजार चारशे रुपये होते. मग त्याने हळू आवाजात दुसरा उपाय सांगितला. पाचही संगणकांत 'क्रॅक' केलेली प्रत टाकून देतो, संगणकामागे चारशे रुपये द्या.

हा दुसरा उपाय आपल्याकडे इतका सर्रास चालतो की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. परंतु मला ते पटेना. दर रविवारी वंदनेला बसून आपण पंचशील म्हणतो. त्यातले दुसरे शील न दिलेली वस्तू न घेण्याचे आहे. ज्या भिंतीच्या अलीकडे बसून ते म्हणायचे, तिच्याच पलीकडे मुलांना चोरीच्या प्रतीवर शिकवायचे काय? बरे, शीलाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी अशा प्रतीत कोणी काय घालून ठेवले आहे ते कळत नाही. याच संगणकांवरून मुले भरतीचे अर्ज भरतात आणि बापाच्या बँक खात्यातून फी भरतात. एखाद्या मजुराचे खाते रिकामे झाले तर कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली बाजारात आली, म्हणजे दहा वर्षे तिला दुरुस्त्या मिळत राहिल्या. मुदत संपली म्हणून संगणक बंदही पडत नाही, कालच्यासारखाच चालतो. एवढेच की दाराची कडी सैल झाली तर ती ठोकून द्यायला कोणी येत नाही, आणि चोरांना तर रोज नवी फट सापडत असते. घरगुती वापराच्या संगणकांना एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढीव मुदत घेण्याची सोयही कंपनीने तेव्हा जाहीर केली. त्यासाठी कंपनीकडे खाते उघडणे आले. पण एका वर्षाने पुन्हा प्रश्न तोच.

मालकांना मी हे जेवताना सांगितले. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला आणि म्हणाले, "माही थापी वीस वर्साची हाय. कोनी येऊन म्हनलं का कधी, की आता तुही थापी चालत नाही म्हनून?" थापी आणि संगणक यांत फरक आहे, तो मी त्यांना समजावून सांगितला. तरी त्यांचा सवाल काही डोक्यातून जाईना.

ज्या भगिनींचा संगणकाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बांधकामावर विटा असतात, रेती असते, पाणी असते, मजूरही असतात, पण मुकादम नसेल तर कोणी काय करायचे ते कोणालाच कळत नाही. संगणकातला असा मुकादम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मराठीत कार्यप्रणाली. आपण कळ दाबली की अक्षर पडद्यावर आणायचे, फाइल कुठे ठेवायची, प्रिंटरला केव्हा हाक मारायची, हे सारे तोच ठरवतो. विंडोज हा त्यातला एक मुकादम. आपल्याकडे सगळीकडे तोच दिसतो, म्हणून संगणक म्हणजेच विंडोज असा समज झाला आहे. आपल्याकडच्या बहुतेक संगणक वर्गांनीही तोच समज पक्का केला.

दुसरा मुकादम आहे हे मला माझ्या पुतणीकडून कळले. ती वाशीमला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "काकू, लिनक्स टाकून पायू. पेनड्राइव्हवरून नुसतं चालू करून पायता येते, आतलं काईच पुसल्या जात नाही. नाही आवडलं तं पेनड्राइव्ह काढून घ्यायचा." लिनक्सची अनेक वाणे आहेत. तिने 'लिनक्स मिंट' निवडले, कारण ते दिसायला विंडोजच्या जवळचे आहे आणि दोन जी.बी. रॅमवरही चालते. आमच्या संगणकांत चार-चार जी.बी. होती.

वाण हा शब्द मी मुद्दामच वापरला. आपल्या भागात बियाण्याची गोष्ट सांगितली की बाकी समजावायला वेळ लागत नाही. संकरित कपाशीचे बियाणे दरवर्षी पाकिटातूनच घ्यावे लागते, घरची सरकी पेरून चालत नाही. सोयाबीनचे तसे नाही. ते सरळ वाणाचे पीक आहे. गेल्या हंगामातले चांगले दाणे राखून ठेवायचे, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायची, सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले की पेरायचे. शेजाऱ्याला दिले तरी कोणी कोर्टात खेचत नाही. कृषी खातेही घरचे बियाणे राखा म्हणून सांगते. लिनक्स हे असे घरचे बियाणे आहे. ते घ्या, पाच संगणकांत टाका नाही तर पाचशे संगणकांत टाका, त्यात सुधारणा करा, पुढे दुसऱ्याला द्या. अट एवढीच, की सुधारून पुढे दिलेत तर तुम्हीही ते तसेच उघडे द्यायचे, त्यावर आपले कुलूप लावायचे नाही.

हे कोणी आणि का दिले, हा प्रश्न आपल्यासारख्या लोकांना आधी पडतो. फुकट देणाऱ्याच्या मनात काय आहे हे पाहायची आपल्याला सवय आहे, आणि ती चांगली सवय आहे. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक संगणकतज्ज्ञ होता. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद वारंवार अडकत असे. त्यावर उपाय करायला त्याला त्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचे मूळ लिखाण हवे होते, आणि ते त्याला कोणी देईना. दुरुस्ती करण्याची अक्कल आहे, यंत्र समोर आहे, पण हात लावायची मुभा नाही. यातून १९८३ साली त्याने सर्वांसाठी खुली अशी प्रणाली उभारण्याचे जाहीर केले. पुढे १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी घरच्या संगणकावर प्रणालीचा गाभा लिहू लागला आणि लिहिलेले त्याने जगाला वाटून टाकले. तो संगणकही त्याने हप्त्यावर घेतलेला होता. पुढे त्याचे काम वापरणाऱ्या अनोळखी लोकांनी वर्गणी काढून त्याला उरलेले हप्ते फेडायला मदत केली. वर्गणीचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको, म्हणून ही हकिगत मला फार जवळची वाटली.

आमच्या विहार समितीतल्या एका जाणत्या उपासकांनी तरी शंका काढलीच. "फुकट देते म्हनजे काईतरी कमी असन. रेशनच्या तांदळावानी." त्यांना मी सांगितले की जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची एक यादी निघत असते, आणि नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे श्रीमंतांनी हे धान्य कधीच कोठारात भरून घेतले, आपणच त्याला रेशनचे समजून नाक मुरडत बसलो.

महासंगणकाचा विषय निघाला म्हणून सांगते. १९८०च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि तिने १९९१ साली 'परम ८०००' तयार केला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातले, आणि आमचा वाशीमही १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होता. याच सी-डॅकने २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली काढली, तिच्यात मराठीचीही सोय आहे. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले. धोरणे कागदावर चांगली असतात.

मराठी भाषेची इथे एक सोय आहे. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे त्यांचा घोटाळा होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते आपण नीट वापरावेत. व्हॉट्सअॅप फुकट आहे, मुक्त नाही. ते आतून कसे चालते ते आपल्याला पाहता येत नाही, बदलता येत नाही, आणि उद्या मालकाने नियम बदलले तर मान डोलवावी लागते. लिनक्स मुक्त आहे, आणि बहुधा फुकटही मिळते. यांतले मोठे काय ते मला पुढे एका जुन्या फाइलने शिकवले.

आधी संगणकांचे सांगते. एका रविवारी वंदनेनंतर आम्ही बसलो. पुतणीने पहिला संगणक पेनड्राइव्हवरून चालू केला. पडदा आला, इंटरनेट चालू झाले, आवाज आला. मुलांनी अर्धा तास इकडेतिकडे बोटे घातली. मग आतल्या सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि प्रणाली कायमची बसवली. ही नक्कल करून ठेवण्याची पायरी कोणी गाळू नये, कारण बसवताना जुने पुसले जाते. एका संगणकाला चाळीस मिनिटे लागली, संध्याकाळपर्यंत चार झाले. लिहिण्यासाठी आणि हिशोबासाठी 'लिब्रेऑफिस' त्यात आधीच होते. त्याच्या याद्या आणि सूचना मराठीत करून घेता येतात. मराठी टाईप करायला इनस्क्रिप्ट कळफलक निवडला, तो विंडोजवर होता तसाच इथे आहे, म्हणून मुलांचा हात बिघडला नाही. अक्षरांसाठी 'लोहित' होतेच, शिवाय मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी सर्वांसाठी खुला केलेला 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट उतरवून घेतला. फार देखणा आहे. मी आता पत्रिकाही त्यातच करते.

दोन ठिकाणी अडले. माझ्या दुकानातला जुना लेझर प्रिंटर तीन दिवस हटून बसला, कारण बनवणाऱ्यांनी त्याच्यासाठी लिनक्सची नीट सोयच केलेली नव्हती. शेवटी तो चालला, पण दर वेळी त्याची मनधरणी करावी लागते. दुसरे म्हणजे आधारचा बोटाचा ठसा घेणारे यंत्र. त्याची अधिकृत व्यवस्था विंडोजवर नाही तर अँड्रॉइडवर चालते. संगणक टायपिंगच्या परीक्षेचा सरावही मुलांना विंडोजवरच करायचा असतो, कारण परीक्षेला समोर तेच येते. म्हणून पाचवा संगणक आम्ही विंडोजवरच ठेवला, वाढीव मुदत घेऊन. त्यावर बँकेचे काम करायचे नाही असा कागद भिंतीला लावला आहे. सगळेच एका दिवसात सोडता येते असे जो सांगतो त्याने कधी खेड्यात अर्ज भरलेला नाही, असे माझे मत आहे.

आता ती फाइल. माझे सासरे १९५६ साली एकोणीस वर्षांचे होते. आमच्या वस्तीतली अकरा माणसे तेव्हा नागपूरला गेली. बैलगाडीने वाशीम, पुढे मिळेल त्या वाहनाने अकोला आणि तिथून आगगाडी. पांढरे कापड घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्यांच्या मायने मैद्याच्या पांढऱ्या पिशव्या उसवून सदरा शिवला होता. पिशवीवरची अक्षरे धुऊनही गेली नव्हती, म्हणून ती बाजू आतून घेतली. हे सारे मामाजी २००४ साली माझ्या दुकानात स्टुलावर बसून सांगत गेले आणि मी टाईप करत गेले. सत्तावीस पाने झाली. छापू छापू म्हणता २००९ साली ते गेले.

टाईप केले होते त्या काळच्या एका विकत घेतलेल्या मराठी फॉन्टमध्ये. त्याबरोबर एक चावी येई, तिला डोंगल म्हणत. ती संगणकाच्या पाठीमागे लावली तरच मराठी उमटायचे. नवीन वाचकांना कळावे म्हणून सांगते. त्या काळी प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवले होते. एकीचे दुसरीला वाचता येत नसे. युनिकोडमध्ये मराठीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, तसे तिथे काही नव्हते. पुढे चावी बिघडली, जुना संगणक गेला, नवी आवृत्ती घ्यायला काही हजार रुपये लागत होते. फाइल होती, पण उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसे. सत्तावीस पाने कचरा. मामाजींचे शब्द माझ्याच हाताने टाईप केलेले, माझ्याच दुकानात पडलेले, आणि ते वाचायची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात.

आपल्या आजे-पणजांना लिहिता येत नव्हते. त्यांचे जे काही कागदावर आहे ते दुसऱ्यांनी लिहिलेले आहे. लिहिणारी आपली पहिली किंवा दुसरी पिढी, आणि तिचे लिहिलेले वीस वर्षांत वाचता येऊ नये, ही गोष्ट मला फार लागली होती.

पुतणीने लिनक्सवर चालणारे, जुन्या फॉन्टचे युनिकोड करणारे एक लहानसे मुक्त साधन शोधले. त्यात आत एक तक्ता असतो, अमुक खूण म्हणजे अमुक अक्षर. पहिल्या फेरीत ऐंशी टक्के मजकूर मराठीत आला. मला रडू आले, ते जाऊ द्या. पण रफार भलत्याच अक्षरावर चढले होते, पहिल्या वेलांट्या एक घर पुढे सरकल्या होत्या, आणि 'वऱ्हाड' हा शब्द कुठेच येत नव्हता. त्याच्या जागी चौकोन. आपला हा अर्धा र त्या तक्ता करणाऱ्याच्या ध्यानातच आला नव्हता. विकतचे कुलूपबंद साधन असते तर आम्ही तिथेच थांबलो असतो, फार तर तक्रारीचे पत्र लिहिले असते. इथे तक्ता उघडा होता. पुतणीने त्यात 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' घातले, 'ष्ट्र' दुरुस्त केला, आणि फेरी पुन्हा चालवली. तीन रात्री आम्ही दोघी मुद्रितशोधन करत बसलो. सुधारलेला तक्ता तिने ज्यांनी साधन केले होते त्यांना परत पाठवला. सवाईने बियाणे परत करावे तसा.

स्टॉलमनच्या प्रिंटरची गोष्ट मला त्या रात्री खरी कळली.

कोणी म्हणेल, हे तुमच्या दुकानापुरते झाले. तर मोठ्यांचे ऐका. नायरा एनर्जी या तेल कंपनीचा गुजरातमध्ये वाडीनारला मोठा कारखाना आहे आणि देशभर पेट्रोलपंप आहेत. तिच्यात रशियन कंपनीची भागीदारी असल्यामुळे युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध लादले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांची ई-पत्रे बंद पडली. पैसे भरलेले, कारखाना भारतात, कायदा भारताचा, आणि बटण दुसरीकडे. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा परत सुरू झाल्या. तिला न्यायालयात जायला वकील मिळाले. अभ्यासिकेच्या वतीने कोण जाणार?

त्यानंतर देशी सॉफ्टवेअर वापरा असा गजर सुरू झाला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीची साधने वापरायला सांगितले. देशी कंपनी वाढावी याला माझा विरोध नाही, तिथे आपली पोरे नोकरीला लागतील. पण देशी आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावच्या सावकाराचे कुलूप काय आणि परगावच्या सावकाराचे काय, चावी कोणाकडे आहे एवढेच पाहायचे.

केरळने हे फार आधी पाहिले. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत गेली पंधरा-वीस वर्षे मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण मिळाले, पुस्तके त्याप्रमाणे झाली, आणि 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची प्रणाली तयार करून देते. परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा त्या संस्थेचा दावा आहे. पैशापेक्षा मला शिक्षकांचे मोल जास्त वाटते. तिथे शिक्षक संघटना या प्रश्नावर उभ्या राहिल्या होत्या. वाशीम हा केंद्राने २०१८ साली आकांक्षित म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी एक. जिल्हा परिषदेच्या शाळांत बंद पडून धूळ खात असलेले संगणक माझ्या पाहण्यात आहेत. त्यांतले किती नुसत्या प्रणालीअभावी पडले आहेत, हे शिक्षक बांधवांनी एकदा मोजावे.

आता शिकायचे कसे, हे दुकानात येणाऱ्या भगिनी विचारतात. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम उभा केला आहे. दहा-दहा मिनिटांचे पाठ, मराठी आवाजात, आणि मोफत. पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः करून पाहायचे. जवळ शिकवणारा नसेल असे गृहीत धरूनच ते केलेले आहेत. लिनक्सचे आहेत, लिब्रेऑफिसचे आहेत. आमच्या इथे बचत गटाचा हिशोब आता याच पाठांवरून शिकलेली एक नववीतली मुलगी संगणकावर लिहिते आणि तिची आजी, जी गटाची कोषाध्यक्ष आहे, वही घेऊन शेजारी बसते. वही बंद केलेली नाही. आजी म्हणते, "लाईट गेली तं तुहं यंत्र काय सांगन मले?" लाईट रोजच जाते, तेव्हा तिचे म्हणणे मान्य करावेच लागते.

मामाजींच्या आठवणींची साठ प्रतींची पुस्तिका छापली. अकरा घरांत एकेक गेली, बाकीच्या अभ्यासिकेत आहेत. फाइलही तिथल्या चारही संगणकांवर ठेवली आहे. ज्यांच्या घरी अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइली पडून असतील त्यांनी त्या पुसू नयेत, आणि त्या वेळचा कोणता फॉन्ट होता ते आठवत असेल तर आजच एका कागदावर लिहून ठेवावे. अर्धे काम त्यानेच होते.

परवा बाजूच्या खेड्यातली दोन मुले जुना लॅपटॉप घेऊन आली होती. येत्या रविवारी आणखी तिघे येणार आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी वंदनेनंतर यावे, सोबत आठ जी.बी.चा रिकामा पेनड्राइव्ह आणावा, आणि लॅपटॉपचा चार्जर घरी विसरू नये.